भावकूआप्पाचं डावं चाक

एकोणऐंशी साली निपाणीच्या आण्णाप्पा तंबाखूवाल्यांकडं एक अमेरिकन मस्टँग मोटार होती. नाकावर पळता घोडा. ती चालू केली की वखारीतली तंबाखूची पोतीसुद्धा शिंकायची. खोटं वाटत असेल तर निपाणीत जाऊन विचारा. तिची तीन चाकं अस्सल, चौथं खड्ड्यात वाकलेलं. तेव्हापासून अनगोळचा मायाप्पा मिस्त्री त्याचा जोडीदार हुडकत होता. कोल्हापूर झालं, मिरज झालं. गोव्यातले भंगारवाले तर त्याला लांबून बघूनच दार लावून घ्यायचे. अशी दोन वर्षं गेली.

आणि चाक निघालं कुठं, तर येळ्ळूरच्या भावकूआप्पाच्या बैलगाडीखाली! कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारीचं चाक म्हाताऱ्यानं डाव्या बाजूला बसवलं होतं. मायाप्पानं बोटानं शेण पुसलं, तर खाली तोच पळता घोडा!

मागून मिळणारं ते नव्हतं. दर खंडेनवमीला आप्पा त्याची पूजा करायचा. म्हणून मायाप्पानं तोंड पाडलं.

"आप्पा, ह्या चाकाला तडा हाय. कवा फुटंल सांगता येत न्हाय."

"आरं द्येवा! मग रं?"

"दुसरं बसवून देतो. हे टाकतो भंगारात."

दुसऱ्या दिवशी चाक बदललं. आप्पानं त्याला जेवायला घातलं, वर अर्धं पोतं बासमती सायकलला बांधून दिलं. "जीव वाचवलास लेका."

तो भात मायाप्पाच्या घशाखाली उतरेना.

"खडं हायीत व्हय?" बायकोनं, तानुबाईनं विचारलं.

"न्हाय गं. लई चांगला हाय," असं म्हणून त्यानं ताट सरकवलं.

दसऱ्याला आण्णाप्पा मालक चारही चाकं अस्सल झालेली मस्टँग घेऊन बेळगावात आले. शेजारी मायाप्पा. अनगोळच्या नाक्यावर भावकूआप्पा हात पसरून मोटारीच्या पुढ्यातच उभा राहिला.

"मालक, उतरा खाली! मरशीला! चाकाला तडा हाय त्या!" मग मायाप्पाकडं वळून म्हणाला, "भंगारवाल्यानं फशिवलं की रं तुला! माझंच चाक परत तुझ्या गळ्यात मारलंय."

माणसं गोळा झाली. मालकांनी मायाप्पाकडं बघितलं. "व्हय रं?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर सुटला असता. पण समोर तो म्हातारा त्याचीच कीव करत उभा होता.

"तडा न्हाय, आप्पा. कवाच नव्हता. मी खोटं बोललो."

आप्पानं काठी उगारली असती तर बरं झालं असतं. तो चाकाजवळ उकिडवा बसला, त्यावरनं हात फिरवला. "न्हाय व्हय? मग बरं झालं. माणसं बसत्यात ह्यात." मग वर बघून म्हणाला, "आनि माझ्या गाडीला बसवलंस ते?"

ते उद्यमबागेतल्या कारखान्यांमागच्या भंगारातलं. तडा सांधलेला, आणि वरून काळा रंग मायाप्पानंच मारलेला.

"गाडी कुठाय, आप्पा?"

"सून गेलीया गवत आणाय. का रं?"

मायाप्पानं डिकीतनं जॅक ओढला. पाचवा नट सुटेपर्यंत मालक ओरडतच होते. मग चाक पुढं आणि मायाप्पा मागं, येळ्ळूरच्या वाटेनं. वाटेत चाक एकदाही आडवं पडलं नाही म्हणतात.

"आरं, पाना तरी घे!" आप्पा मागनं ओरडत पळत होता.

गावाबाहेर गवतानं भरलेली गाडी डुलत येताना दिसली. मायाप्पा हात पसरून बैलांपुढं उभा राहिला.

"उतर गं गंगव्वा! चाकाला तडा हाय!"

"परत?" गवतावरनं आप्पाची सून हसली. "आवं, तुमीच बसवलंय की ते!"

"व्हय," मायाप्पा म्हणाला. "मीच. उतर आदी."