काळं फडकं आणि मी

वीतभर पिवळी वायर.

अकरा सेकंद.

जुन्या टायरांची भिंत.

एक गुलाबी फडकं.

"आत्या, मला मान वळवता येत नाहीये."

मित्रांनो, मी एक जुना खटक्याचा स्विच आहे. सगळं ओळीने सांगायचं म्हणतो, पण अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. तुटक बोललो तर सांभाळून घ्या.

एका ट्रकमध्ये मी धुक्यातले दिवे लावायचो. ड्रायव्हर म्हणायचा, "हा एकटाच सांगितलेलं ऐकतो." ट्रक भंगारात गेला आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडलो, गंजक्या स्क्रूंबरोबर. किती वर्षं, कोण मोजतंय!

एक दिवस झाकण उघडलं. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका बाईने मला कानाशी धरून वाजवलं. टक. "म्हातारा आहे, पण दात शाबूत आहेत," ती हसली. तिची भाची शर्यतीत गाडी पळवायची. सरळ रस्ता, दोन गाड्या, जो आधी पोचेल तो जिंकला. मला त्या गाडीत, स्टिअरिंगशेजारी बसवलं.

माझं काम सोपं होतं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे तेलातून जाते आणि तेलात थोडी निसटते. शेवटच्या गिअरमध्ये भाची मला दाबायची, की आतला क्लच दोघांना घट्ट जखडायचा. मग काहीच निसटत नसे. पण थांबताना ही पकड सुटायलाच हवी, नाहीतर चाकांबरोबर इंजिनही अडकून बंद पडतं. म्हणून आत्याने माझी वायर ब्रेकच्या पायडलवरून फिरवली होती. ब्रेक दाबला की करंट तुटे, पकड सुटे. भाचीला माझी आठवणही ठेवावी लागत नसे.

शर्यतीच्या सकाळी पायडलचा स्विच बिघडला. मी चालतो का ते बघायला आत्याने पिवळ्या वायरने त्याची दोन टोकं जोडली, म्हणजे आता ब्रेक दाबला तरी करंट तुटणार नव्हता, आणि नवा स्विच आणायला दुकानात गेली. जाताना तिने फडकं स्टिअरिंगला बांधलं. त्यांच्या गॅरेजचा नियमच होता: तात्पुरती वायर गाडीत असली, की ते काळं फडकं स्टिअरिंगला. फडकं दिसलं, की गाडीला हात लावायचा नाही.

इकडे दोन गाड्या बाद झाल्या आणि भाचीची पाळी आधीच आली. ती धावत आली. "वा! आत्याने काच पुसायला नवं फडकं ठेवलंय!" तिने ते सोडलं, काच लख्ख पुसली आणि मागच्या सीटवर भिरकावलं.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त टक वाजतो.

शेवटच्या गिअरमध्ये तिने मला दाबलं. टक. अकरा सेकंदांत आम्ही रेषा ओलांडली. पहिले आलो! तिने ब्रेकवर पाय दिला. पकड सुटली नाही. चाकं अडखळली, इंजिन गचकन मेलं, स्टिअरिंग लोखंडासारखं जड झालं. इंजिन मेलं की ब्रेकचा जोरही जातो: दोनदा पायडल दबलं, तिसऱ्यांदा दगड. समोर टायरांची भिंत.

आत्या नवा स्विच मुठीत धरून धावत आली. पिवळी वायर अजून तिथेच होती.

"फडकं होतं ना गं स्टिअरिंगला?"

"होतं. पण आपलं फडकं काळं असतं ना, आत्या?"

आत्याने मागच्या सीटवरचं फडकं उचललं. गुलाबी.

भाचीच्या गळ्यात तीन महिने पट्टा होता. आता ती बरी आहे, पण मला दाबायच्या आधी तिचा अंगठा थबकतो. मीही थबकतो. मित्रांनो, तात्पुरतं जोडलेलं काही सोडून उठू नका. दुकान पळून जात नाही. आणि खूण केलीत, तर ती समोरच्याला ओळखता येते का, तेवढं विचारा.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आत्याने ते फडकं साबण लावून धुतलं होतं, तेलाचा काळा थर जाऊन खालचा गुलाबी रंग दिसेपर्यंत.