मेंढरवाटेनं सायकल

सिद्धू जिवंत परत आला, तर त्याच्या आत्यानंच बोंब ठोकली. रंगूबाई कवठे महांकाळच्या घरी एकटीच राखणीला होती. दारात खाकी कपड्यातला भाचा दिसला तशी हातातली परात टाकून ती ओरडली, "भूत! भूत आलं गं बया!"

"आत्ते, गप की! भुतानं कवा भाकरी मागितलीया का? भूक लागलीया मला."

भाकरी आली, वर कोरड्यास आलं, आणि मागोमाग बातमी आली. भाकरी गिळली, बातमी गिळंना. सिद्धू तिकडं ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत पडला होता आणि इकडं तो बेपत्ता झाल्याची तार आली होती. बेपत्ता म्हणजे मेला, असा अर्थ चार शहाण्यांनी लावला. त्याच शहाण्यांनी मग त्याच्या बायकोचा, अंजनाचा, धाकट्या भावाशी पाट ठरवला. वाडा लोणंदपलीकडच्या खंडाळ्याला पोचायचा, तिथं सिद्धूच्या मामाचा वाडा भेटायचा आणि मामानं पाट लावायचा. मामा असल्याशिवाय पाट लागत नाही, ही त्यांच्या घराची रीत.

"अंजना काय म्हनली?" सिद्धूनं विचारलं.

"न्हाई म्हनली. दोनदा म्हनली. पर बाईला इचारतंय कोन?"

सिद्धू ताटावरनं उठला.

आता वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं चिरेबंदी दरवाजा येईल, तर तो नव्हे. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं, तट्टं, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा चालता संसार. दिवाळी झाली की निघायचा आणि आखाडाच्या तोंडाला परतायचा. बायकांनी तट्टांवर बिऱ्हाड लादून पुढं जायचं, पाणी बघून जागा धरायची. पुरुषांनी मेंढरं चारत मागनं यायचं. आज इथं, उद्या तिथं, त्याला पत्ता कसला! मोटारीनं जावं, तर मोटार जाते हमरस्त्यानं आणि मेंढरं जातात माळानं.

गावातल्या कोंडीबा शिंप्याकडं सायकल होती, पण मागच्या चाकाची ट्यूब फाटून चिंध्या झालेली. लढाईनं सगळं रबर खाल्लं होतं, नवी ट्यूब औषधाला मिळत नव्हती.

"चाकात हवाच लागती व्हय?" रंगूबाई म्हणाली. तिनं घोंगड्यांसाठी ठेवलेली लोकर काढली आणि सिद्धूनं ती टायरात मुठीमुठीनं ठासून भरली. पलटणीत सायकल शिकलेला गडी तो. टांग टाकली आणि सुटला. बसायला लय हाडं मोडणारी झाली, पण बाभळीच्या काट्याच्या बापालाही आता ती पंक्चर करता येत नव्हती.

विट्याच्या माळानं तो वर चढला. दोन्ही अंगांना भाकरीवर भाकरी रचल्यासारखे थराथराचे काळे डोंगर, माथे सपाट, खाली मुरूम आणि कुसळाचं पिवळं गवत. फार मागं या मुलखात भुईतनं आग वाहिली आणि तीच निवून दगड झाली, असं पलटणीतला एक शिकलेला सांगायचा. सिद्धूला ते पटायचं, दुपारी त्या कातळाला हात लावून बघा म्हणजे तुम्हालाही पटेल. माणूस दिसत नव्हतं. टिटवी ओरडायची, चाक खडखडायचं, बस्स. एरवी अशा वाटेनं तो गाणं म्हणत गेला असता. आता त्याच्या डोक्यात एकच घोकणी होती, खंडाळ्याच्या आधी गाठायचं.

मायणीच्या पुढं त्याला वाड्याची जागा सापडली. चुलीचे दगड, राख, वाळक्या लेंड्या. सिद्धूनं धनगरी हिशेब केला. माघ लागलाय, ओढे आटायला लागलेत, म्हणजे वाडा पाण्याकडंच वळणार, मावळतीला कोरेगावच्या अंगाला. तो दात-ओठ खात तिकडं सुटला. दिवसभर ढुंगणाची सालटी काढून घेतल्यावर बघतो तर ओढ्याला पाणी होतं, गवत होतं, आणि लेंडी एक नव्हती.

सिद्धूनं कपाळ बडवून घेतलं आणि सायकल माघारी फिरवली. आख्खा दिवस पाण्यात गेला होता.

वडूजच्या अलीकडं गुंडा नावाचा एक शेतकरी नांगरट बघत बांधावर उभा होता. खतासाठी त्यानं शेतात मेंढरं बसवली होती.

"कवठ्याचा वाडा व्हय? व्हता की. गेला दहिवडीकडं."

"दहिवडीकडं?" सिद्धू किंचाळलाच. "ह्या दिसात? तिकडं मेंढरं काय धोंडं चघळत्याल?"

"मी मेंढरं बसवली गड्या, वाट न्हाई इचारली."

सिद्धू उगवतीला वळला. दहिवडीच्या उघड्या माळावर लेंड्यांच्या वाटेनं आणखी एक वळसा घेतला होता, पुढं टेकडीला उगाच फेरी मारली होती. घाटाच्या तोंडाशी येऊन वाट पुन्हा मागं फिरली होती. पाय भरून आले, तळहाताला फोड आले. दर वळशाला तो मोठ्यानं शिव्या द्यायचा. "कुना गाढवाच्या हातात वाडा दिलाय? डोळं फुटलं का त्याचं?" चढाला उतरून सायकल ढकलायचा, माथ्यावर पुन्हा टांग टाकायचा. आपण पोचायच्या आत पाट लागला तर? मग तो आणखी जोरानं पायडल मारायचा.

सालप्याचा घाट उतरून लोणंदच्या पलीकडं गेला, तेव्हा लेंड्या ओल्या लागल्या. दिवस कलला होता. एका ओघळीच्या कडेला कुत्री भुंकली आणि मेंढरांच्या गर्दीतनं अर्जुना वर आला. थोरल्या भावाला बघून तो मटकन खाली बसला आणि त्याचे पायच धरले.

"दादा! सुटलो रं बाबा मी! वैनीच्या तोंडाकडं बघायची चोरी झाली व्हती मला."

तानुबाई लंगडत आली. तिनं लेकाचं तोंड चाचपलं, एक मुस्काटात दिली आणि गळ्यात पडून रडली. सिद्धूही रडला. पण वाटेवरचा राग अजून त्याच्या अंगात खदखदत होता.

"आये, पाट लागला का?"

"कशाचा लागतोय! तुजा मामा तिकडं बोकड बांधून बसलाय, अन् आमाला खंडाळा काय घावना."

"घावंल कसं? वाडा कुना गाढवानं दहिवडीकडं वळवला ते सांग आदी! जीव गेला माजा."

"ती बघ उबी हाय तुजी गाढवीन!" तानुबाई करवादली. "माजं गुडघं गेल्यापास्नं तट्टं हिच्याच हातात हायती. दर मुक्कामाला हिचं एकच, आत्याबाई, फुडं पानी न्हाई, वळसा घिऊ. संक्रांत गेली, मेंढरं वाळली, तरी हिचं वळसं सपंनात!"

तट्टाच्या पाठीवरचं ओझं सोडता सोडता अंजना थांबली होती. हातात दोरी तशीच होती. सिद्धूच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. त्यानं सायकल भुईवर टाकली आणि तिच्याजवळ गेला.

"अंजने..."

ती त्याच्याकडं बघत राहिली.

"उंद्या खंडाळा व्हतं," ती म्हणाली. "म्हाईत व्हतं तेवढं समदं वळसं घिऊन झालं व्हतं, आवं. आता एक बी उरला नव्हता."

आणि तिथंच, तट्टाच्या पायाशी बसून, ती हमसून हमसून रडायला लागली.