गोजरबाईची रास

बहात्तरच्या दुष्काळात, जामखेडच्या रस्त्यावर गोजरबाई खडी फोडत होती. अंग असं शिणलं होतं की आणखी शिणायला जागाच उरली नव्हती. तरी आज ती इरेला पेटली होती. खर्ड्याला दिलेल्या तिच्या लेकीच्या, मनकर्णाच्या बाळाची आज पाचवी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण या मेल्या सालानं तेही होऊ दिलं नाही. निदान आजीनं टोपडं तरी न्यावं! खर्ड्याच्या बायांना नेणारा ट्रक दिवस कलता निघायचा, आणि पेटीभर खडी झाल्याशिवाय मुकादम कुणाला सोडत नसे.

पेटी म्हणजे गुडघाभर उंचीची, बिनतळाची लाकडी चौकट. तेवढाच चौकोन जमिनीवर आखून त्यात खडी रचायची. गोजरबाईचा जन्म खळ्यावर गेलेला. धान्याची रास टोकदारच घालायची, पूजेआधी सपाट करायची नाही, हे हातात मुरलेलं. आजवर ती नुसती फोडायची, रचणारी दुसरीच असायची; आज पहिल्यांदा स्वतः रचताना खडीचीही तिनं तशीच रास घातली. दुपारीच टोक पेटीच्या उंचीला भिडलं. शेजारच्या, खर्ड्याच्या छबूबाईची सपाट रचलेली खडी तेव्हा जेमतेम निम्म्यावर होती.

"छबे, खडी रचतीस का भाकरी थापतीस?" गोजरबाई हसली आणि बाभळीखाली आडवी झाली. कित्येक दिवसांनी तिला सुखाची झोप लागली.

उन्हं उतरल्यावर कमरुद्दीन मुकादम आला. छबूबाईची पेटी काठोकाठ भरली. मग त्यानं गोजरबाईच्या राशीभोवती पेटी बसवली आणि फावड्यानं टोक ओढून चारी कोपऱ्यांत सारलं. खडी पेटीच्या तिसऱ्या हिश्श्यावर येऊन थांबली.

"मावशे, समदी उंची टोकाची हुती. कोपरं रिकामंच ऱ्हायलं," तो हळूच म्हणाला. "आजून दोन राशी पायजेत."

"आरं, माझ्या नातवाची पाचवी हाय!"

"मला कळतंय. पन सायेब हितंच हाय, मी सोडू कसा?"

ट्रकनं भोंगा दिला. भांडायचंही त्राण नव्हतं. गोजरबाईनं कमरेचं टोपडं सोडून छबूबाईच्या हातात दिलं.

"मनकर्णाला सांग, आई येती म्हनावं. कवा, ते इचारलं तर गप ऱ्हा."

छबूबाईनं दुपारचं काही काढलं नाही. टोपडं पदरात बांधलं आणि ट्रकमध्ये चढली.

गोजरबाई पुन्हा हातोडी घेऊन बसली. आता ती आधी कोपरे भरत होती. टोपडं तिनं न बघितलेल्या डोक्याच्या अंदाजानं शिवलं होतं. ते बसतं की नाही, हे छबूबाईलाच दिसणार होतं.