कपाळाच्या खाली, नाकाच्या वर

जालन्याच्या शिकाऊ दवाखान्यात माणसाच्या देहाची वाटणी झालेली होती, भाऊबंद जमिनीची करतात तशी, बांध घालून. निजामाच्या अमदानीतला तो दवाखाना. तिथं पोरं डॉक्टरकी शिकायची म्हणून गाव त्याला शिकाऊ म्हणायचं. पोट नरहररावांचं, हाडं मिर्झासाहेबांची आणि डोळे गिरिधररावांचे. शनिवार-मंगळवार पोटाचे, रविवार-बुधवार हाडांचे, सोमवार-गुरुवार डोळ्यांचे, आणि जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सगळ्या दवाखान्याला सुट्टी. रोग्यानं आपलं दुखणं वार बघून आणावं, अशी एकूण सोय होती.

गिरिधरराव मूळचे अंबडचे. हैदराबादेत शिकताना त्यांना पोटच हवं होतं. पण पोट म्हणजे नाव, पोट म्हणजे बड्या घरची बोलावणी, आणि असल्या जागा कुणाच्या तरी भाच्यासाठी आधीच राखलेल्या असतात. इथं तो भाचा म्हणजे नरहरराव. गिरिधररावांच्या पदरात डोळे पडले. आधी ते रुसले, मग हट्टाला पेटले आणि डोळ्यांतच असे मुरले की मोतीबिंदू काढावा तर त्यांनीच, असं लोक म्हणू लागले. जालन्यात आले त्या वर्षी त्यांनी एका बाईच्या फुगलेल्या पोटावर सहज हात ठेवला होता. नरहररावांनी विद्यार्थ्यांदेखत सुनावलं, "पंडितजी, तुमची हद्द कपाळाच्या खाली आणि नाकाच्या वर. बाकीचा मुलूख आमचा." पोरं खो खो हसली. तो हशा गिरिधररावांच्या जिव्हारी लागला. त्यानंतर त्यांनी आपली हद्द सोडून कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. ते त्याला शिस्त म्हणत. अपमान गिळलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

साखराबाई आली ती कुंभार पिंपळगावाहून, बैलगाडीत बसून, लेकाच्या खांद्याला धरून. धनगराची बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की दिवस आहे की रात्र एवढंच कळायचं. आपली मेंढरं ती कानाला हात लावून ओळखायची. या वयात डोळे घेऊन काय करायचे, असं म्हणत ती वर्षानुवर्षं टाळत आली होती. शेवटी लेक इंद्रभान हटून बसला.

"ह्याला मिसरूड बी फुटलं नव्हतं तव्हापासून पाह्यला न्हाई मी," ती गिरिधररावांना म्हणाली. "आता म्हणं मिशा ठेवल्यात. बापावानी दिसतो म्हणत्यात सारे. तेवढं तोंड दाखवा डाक्टरसाब, मंग डोळे गेले तरी चालतंय."

इंद्रभान लाजला आणि मिशीवरून हात फिरवू लागला.

गिरिधररावांनाही अशीच रोगी हवी होती. डोळ्यातलं पिकलेलं भिंग न फोडता अख्खं बाहेर काढायची नवी रीत त्यांनी साधली होती. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या प्राध्यापकाची जागा रिकामी होती, आणि सगळ्या दवाखान्यांचे मुख्य अधिकारी नाझिमसाहेब पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, पाहणीला यायचे होते. ह्याच सोमवारी शस्त्रक्रिया करायची आणि दहाव्या दिवशी नाझिमसाहेबांच्या डोळ्यांदेखत पट्टी सोडायची, असा बेत ठरला.

सोमवारी उजव्या डोळ्याचं भिंग मसुराच्या दाण्यासारखं सबंध बाहेर आलं. विद्यार्थ्यांच्या तोंडून वाहवा निघाली. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून साखराबाईला उताणं निजवलं आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. गिरिधररावांनी नेहमीचे नियम सांगितले. बोलायचं नाही, चावायचं नाही, नुसती पेज प्यायची. खोकायचं नाही, हसायचं नाही, आणि रडायचं तर बिलकुल नाही. त्या काळी डोळ्याला टाका घालत नसत. जखम आपल्या आपण धरायची, आणि एका हुंदक्यासरशी आतलं सारं बाहेर यायचं.

साखराबाई दगडासारखी पडून राहिली. इतकी गुणी रोगी त्या खाटेवर कधी आली नव्हती. परिचारिका सोनूबाई तर म्हणायची, "हिच्या नाकावरची माशी मीच उडवते डाक्टर, ती भुवई सुद्धा हलवत न्हाई."

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी गिरिधरराव विद्यार्थी घेऊन खाटांवरून फिरत असताना इंद्रभान दाराशी उकिडवा बसलेला दिसला. तोंड उतरलेलं, अंगावर घाम.

"डाक्टरसाब, कालपासून पोटात लई कळ मारून राह्यली. इथं, उजवीकडं. ओकारी बी झाली."

गिरिधररावांनी त्याच्याकडं पाहिलं. पोट उजवीकडं, ओकारी, अंगात ताप. हात ठेवायचा फक्त अवकाश होता. बोटं दाबून सोडली असती तर आतड्याचं शेपूट सुजलंय हे विद्यार्थ्यालाही कळलं असतं. पण भोवती तीच पोरं उभी होती, आणि त्यांतल्या एकाच्या तोंडावर हसू फुटू पाहत होतं.

"पोट नरहररावांकडं," ते म्हणाले. "आज डोळ्यांचा वार. उद्या जुम्मा. शनिवारी सकाळीच त्यांच्या दारात जाऊन बस."

"बराबर," इंद्रभान म्हणाला. मोठ्या डॉक्टरनं शनिवार म्हटलं म्हणजे दुखणं शनिवारपर्यंत थांबणारं असेल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. आईला कळू नये म्हणून दोन दिवस तो ओसरीत पोटाशी गुडघे घेऊन पडला.

शनिवारी त्याला उचलूनच न्यावं लागलं. नरहररावांनी पोट उघडलं तर आत सगळा पू झालेला. दुपारी तो टेबलावरच गेला. हात धुताना नरहरराव गिरिधररावांना एवढंच म्हणाले, "दोन दिवस आधी आला असता तर वाचला असता." त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गिरिधररावांनी त्यांच्यापुढं पंचा धरला.

साखराबाईचा कारभारी नावाचा दीर, इंद्रभाननं गुरुवारीच धाडलेला दुखण्याचा निरोप मिळताच, गावाहून निघाला होता. पोचला तेव्हा पुतण्या ओसरीत चादरीखाली होता. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडं साखराबाईची खाट.

कारभारीनं हात जोडले. "साहेब, भावजयीला तोंड पाहू द्या लेकाचं. आमच्यात मायनं तोंडात पाणी घातल्याबिगर माती देत न्हाईत."

"तिचे डोळे बांधलेत."

"मंग हातानं चाचपू द्या. मेंढरू सुद्धा हातानं वळखती ती."

गिरिधररावांनी मान हलवली. "ती रडेल. रडली की डोळा गेला. लेक गेलाच आहे, निदान डोळा तरी राहू दे."

हे खरंच होतं. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. पण खऱ्याच्या आड माणूस जितका छान लपतो तितका खोट्याच्या आड लपत नाही. त्यांच्या मनात गुरुवार होता, नाझिमसाहेब होते, ती हैदराबादची जागा होती. आणि तळाशी ही भीती होती की बाईनं विचारलं, माझ्या लेकाच्या पोटाला तुमी हात लावला व्हता का, तर काय सांगायचं?

"मंग सांगू काय तिला?" कारभारीनं विचारलं.

"मीच सांगतो."

त्यांनी खाटेशी जाऊन सांगितलं की मेंढरांत रोग शिरलाय, इंद्रभानला जल्दी गावाकडं जावं लागलं. पट्टीखालचे ओठ किंचित हलले. बोलायची बंदी होती तरी ती पुटपुटली, "तोंडाला फोड असतील तर हळद लावाय सांगा. आन् आजारी मेंढरं अलग ठेव म्हणा." गिरिधररावांनी बरं म्हटलं. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठावर इंद्रभानला माती दिली. त्याच्या तोंडात पाणी कारभारीनं घातलं.

पुढले दिवस गिरिधररावांना अन्न गोड लागेना. रोज पट्टी बदलायला वाकले की साखराबाई हळूच विचारायची, "निरोप आला का?" आणि ते रोज मेंढरांची नवी हकीकत रचायचे. मेलेल्या पोराच्या तोंडी ते बोलणी घालत होते. सोनूबाईनं त्यांच्याकडं पाहणं सोडलं होतं. डोळा मात्र झकास भरत होता, काचेसारखा निर्मळ.

पुढच्या गुरुवारी नाझिमसाहेब लवाजम्यासह आले. मागं नरहरराव, मिर्झासाहेब, सगळे विद्यार्थी. कारभारीही कोपऱ्यात येऊन उभा राहिला. गिरिधररावांनी साखराबाईला उशीला टेकवून बसवलं, पट्टी सोडली आणि उजव्या डोळ्यासमोर जाड काचेचं भिंग धरलं.

"किती बोटं?"

"तीन," ती म्हणाली. मग हसली. "आन् तुमच्या अंगठीत लाल खडा हाय."

नाझिमसाहेबांनी वाकून डोळा पाहिला आणि गिरिधररावांच्या पाठीवर थाप मारली. "बहोत खूब, डॉक्टर साहब. हैदराबाद में मिलेंगे." एवढं बोलून ते नरहररावांबरोबर पोटाच्या विभागाकडं वळले. जागा मिळाली होती. दहा वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते पाठीवरच्या एका थापेत आलं, आणि गिरिधररावांना त्याचा आनंद कुठं शोधावा कळेना.

साखराबाईनं भिंग स्वतःच्या हातात घेतलं आणि माणसं न्याहाळू लागली. "भावजी, म्हातारे झाले की वो तुमी!" ती कारभारीला म्हणाली. मग विद्यार्थ्यांच्या एकेका तोंडावरून तिचा डोळा फिरला. मिशीवाला पोरगा दिसला की थांबायचा. "आला व्हय गावाहून? हा का माझा इंद्रभान? हा?"

कारभारीनं भिंतीकडं तोंड केलं.

"साखराबाई," गिरिधरराव म्हणाले, "इंद्रभान गेला."

"मेंढराकडं. ठावं हाय मला."

"नाही. वारला. शनिवारी. त्यानं मला पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. मी हात लावून पाहिलं नाही. दुसऱ्याकडं जा म्हटलं."

तिनं भिंग मांडीवर ठेवलं.

"कुठं गेला?"

"इथंच. टेबलावर गेला, मग ह्या भिंतीपलीकडं ठेवला होता."

"मी जागी व्हते?"

"होतात."

"माती झाली?"

"झाली."

तिचे हात वर गेले, कपाळ बडवायला. गिरिधररावांनी झडप घालून तिची मनगटं धरली. पट्टी सुटली म्हणजे जखम भरली असं नसतं, महिनाभर ती कच्चीच असते. "धरा!" ते ओरडले. दोन विद्यार्थ्यांनी दंड धरले, एकानं डोकं. "बाई, डोळा जाईल! ऐका, डोळा जाईल!"

मेंढरं वळलेले ते हात. तीन जणांना आवरेनात. ती ओरडत नव्हती, हिसडे देत होती आणि धापा टाकत म्हणत होती, "सोडा. लेक गेलाय माझा. तव्हा बी धरून ठिवलं, आता तरी सोडा."

गिरिधररावांच्या पंज्यात तिची नाडी थडथडत होती. किती वर्षांनी त्यांनी कुणाच्या मनगटाला हात लावला होता.

"सोडा तिला," ते म्हणाले.

"पण सर, डोळा..."

"सोडा म्हणतो ना!"

विद्यार्थी मागं सरले. गिरिधररावांनीही मनगटं सोडली. साखराबाईचा पहिला तळवा कपाळावर बसला, मग दुसरा, आणि शनिवारपासून अडवून ठेवलेला हंबरडा फुटला. उजव्या डोळ्यातून पाण्याबरोबर रक्ताची रेघ गालावर आली. सोनूबाईनं पदर तोंडाला लावला, पोरांनी माना खाली घातल्या. गिरिधरराव मात्र तिच्यासमोर उभे राहिले आणि शेवटपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं नाही.