पारीवरचा बांबू

आमच्या गावचा रस्ता तलावाच्या पारीवरून जाते. मातीची जुनी पार, एका अंगाले पानी अन् दुसऱ्या अंगाले खाली धानाच्या बांध्या. पार फुटली तं पयले माझं वावर जाईल, मंग टोल्यातली सारी घरं.

रस्ता दुरुस्तीचं नाव काढलं का सारे साहेब हात वर करतात. मंग गावानंच ठरवलं, जो पारीवरून गाडी नेईल त्यानं खड्ड्यात मुरूम टाकावा. फटफटीचं एक घमेलं, ट्रॅक्टरची पाच. रेतीच्या टिप्परले बंदी. पारीच्या तोंडाशी आडवा बांबू टाकून नाका केला अन् राखाले मले बसवलं, कारन माझ्या, या धुरपताच्या, तोंडी लागाची कोनाची हिंमत नाही.

धानाचा रोवना होऊन महिना झाला होता, तलाव काठोकाठ भरला होता. दुपार कलली अन् एक टिप्पर आला, वैनगंगेच्या ओल्या रेतीनं भरलेला. डायवरनं इंजन बंद नाही केलं. गाडी अशी पुढं आनली का बंपर बांबूले टेकला. मी बांबूवर हात ठेवून उभी राहिली.

"मावशी, बाजू हो. मोठ्या रस्त्यावर चेकिंग चालू हाये."

"असन. चोराले वाट दाखवाले नाही बसली मी इथं."

तो उतरला. अमर नावाचा पोरगा, तुमसरकडचा. माझ्याकडं पाहे, मंग रस्त्याकडं पाहे. मालकाचा फोन वाजून राहिला होता, तो उचलत नव्हता.

"पारीवरचे सारे खड्डे भरून देतो. मंग सोडशील?"

"आदी भर, मंग पाहू."

सोडाचं माझ्या मनातच नव्हतं. फुकटात खड्डे भरून भेटत होते, कायले नाही म्हनू?

नाक्यावरचा मुरूम सरला होता, म्हनून त्याले बांध्यांच्या अंगाले पारीच्या बुडाशी खोदलेला खड्डा दाखवला. ती जागा आमच्या बुढ्यानं, माझ्या नवऱ्यानं परसरामनं, उन्हाळ्यात शोधली होती. तवा तलाव कोरडा होता, मुरूम चांगला होता, अन् तिथून वर चढलं का रस्ताच. सारं गाव तिथूनच खोदत राहिलं.

अमर वर आला तं घमेल्यातून लाल पानी गळत होतं. "मावशी, खाली झिरा फुटला."

मी पदर खोचून धावत उतरली. खड्ड्याच्या बुडातून मनगटाएवढी धार येऊन राहिली होती, अन् पानी गढूळ होतं. निवळ झिरपलं तं काही बिघडत नाही. गढूळ आलं म्हंजे पार आतून वाहून चालली. रस्ता भरता भरता आमी पारीचाच पाय खोदला होता.

मी हाका मारल्या तसा परसराम बांधीतून धावत आला. त्यानं मुरूम टाकला, तनसाचे पेंढे कोंबले. पान्यानं सारं बाहेर फेकलं. धार आता मांडीएवढी झाली.

"रेती पाहिजे," तो धापा टाकत म्हने. "रेती पानी जाऊ देते, पन मातीले धरून ठेवते."

आमी तिघांनंही वर टिप्परकडं पाह्यलं.

"नाही जी," अमर म्हने, "मालक मले जित्ता नाही ठेवनार. अन् एवढं वजन पारीवर चढलं अन् पारच बसली तं?"

"बसली तं आपन दोघं संगं जाऊ. चाल."

मी माझ्या हातानं बांबू उचलला. टिप्पर उलटा पारीवर चढला. मी मागच्या चाकापाशी हात दाखवत चालत होती. एका जागी चाक खचलं, पारीची कड ढासळली, अन् अमरनं माझ्याकडं पाह्यलं. "ये," मी म्हटलं, "ये, ये." खड्ड्याच्या डोक्यावर आला तसा त्यानं टिप्परचा मागचा डाला उचलला. सारी रेती खाली गेली. परसराम फावड्यानं लोटत राहिला, मी हातानं.

धार बारीक झाली. आमी तिथंच बसून पाहत राहिलो. किती वेळ गेला, ठाव नाही. मंग रेतीतून पानी आलं, निवळ. मी ओंजळीत घेऊन पाह्यलं अन् रडली.

"मालकाले काय सांगशील?" मी इचारलं.

"सांगतो, रस्त्याचं देनं देऊन आलो." तो हसला. रिकामा टिप्पर घेऊन गेला. मंग काही त्याचा पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर उलटा नेम चालू झाला. जो येईल त्यानं रस्त्यातला मुरूम उकरून खाली बुडाशी नेऊन टाकाचा. लोक शिव्या देतात, मी दुप्पट देते. रस्ता पयल्यापेक्षा खराब झाला. माझा धान निसवला, लोंब्या आल्या.

काल पुन्हा एक भरलेला टिप्पर आला. नदीची तीच चोरीची रेती माझ्या धानाले राखून राहिली, हे मले ठाव हाये, अन् कोनत्या तोंडानं अडवू हे समजलं नाही. तरी बांबू धरून उभी राहिली.