पाप पिणारा घडा

हर्सूलच्या पुढे जळगाव रोडला एक पत्र्याचं शेड आहे. पूर्वी तिथे जुने टायर विकायचे, पुढे मोक्ष विकायला लागले. सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. सिल्लोडकडून जीपा भरून यायच्या, शहरातून चकचकीत गाड्या यायच्या, आणि गाडीवाले जीपवाल्यांच्या पुढे घुसायचे. पाप धुवायच्या रांगेतही माणसाला आपला नंबर आधी हवा असतो.

आत गादीवर नीळकंठ महाराज. शेजारी भगव्या कापडात गुंडाळलेला मोठा ड्रम, त्याला सगळे घडा म्हणायचे. त्यातलं काळं पाणी सारखं बुडबुडायचं आणि गादीखालून घूंऽऽ असा आवाज यायचा.

"ओंकार हाये त्यो!" महाराज सांगायचे. "शिवानं जगाचं विष पेलं. ह्यो घडा तुमचं पितो!"

बाईने परातीत हात धुवायचे. त्यातल्या पेलाभर पाण्यात महाराज दोन कुप्यांतले थेंब टाकायचे. आरती संपेपर्यंत पाणी निळं झालं, की त्या हातांत विष आहे हे ठरलं. मग परातीतलं पाणी घड्यात ओतायचं. भजनानंतर घड्यातून गाळून काढलेल्या पाण्यात तेच थेंब टाकले तर पाणी नितळच! लोक हुंदके द्यायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचे. पुरुषांचे हात तपासत नसत. "पुरुषाचं पाप घामावाटं जातं," असं महाराजांनी एकदा सांगून टाकलं होतं आणि पुरुषांना ते ताबडतोब पटलं होतं.

पहिल्या ओळीत चौका गावच्या द्वारकाबाई असायच्या, मांडीवर नातू ऋतुराजला घेऊन. त्यांची सून प्रेरणा मागे, निळं पाणी आलेल्या बायांत बसायची. "आमच्या सुनंचं पाणी समद्यांत गडद येतं बरं का," हे द्वारकाबाई शेजारणीला अशा थाटात सांगायच्या, जसं कुणी सुनेच्या अंगावरचं सोनं सांगावं.

सुरुवात साधी होती. सहा महिन्यांच्या ऋतुराजला जुलाब लागले. प्रेरणा म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरला दाखवू." द्वारकाबाईंनी तिला शेतातून उठवलं आणि थेट शेडवर आणलं. पाणी निळंशार निघालं.

"हिचं पाणी नितळ येईस्तोवर हिनं लेकराला हात लावायचा नाय," महाराजांनी फर्मावलं. "दूध पाजलं तं विष पाजलं समजा. लेकराला रोज चमचाभर तीर्थ द्या."

प्रेरणाने नवऱ्याला, गोकुळला फोन लावला. तो वाळूजला कंपनीत होता, ड्यूटीवर. "आई म्हणती तसं कर," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

त्या दिवसापासून ऋतुराज आजीकडे. डब्याचं दूध, तेही डबा जास्त दिवस चालावा म्हणून पाणी वाढवून, वर रोजचं तीर्थ. जुलाब थांबेनात. थांबेनात म्हणून तीर्थ वाढवलं. रात्री लेकरू रडायला लागलं की पडवीत प्रेरणाची चोळी भिजायची. ती बांधावर जाऊन दूध पिळून टाकायची आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेतातलं काम मात्र सुटलं नव्हतं. विषारी हात लेकराला चालत नव्हते, कपाशीला चालत होते. कमरेत वाकून मुठीमुठीने झाडाच्या बुडाशी खत टाकायचं, आधी कपाशीला, मग मक्याला. सोमवारी त्याच हातांनी शेडवर जायचं आणि पाणी पुन्हा निळं. द्वारकाबाई कपाळाला हात लावायच्या. "किती पाप केलं गं माय तू!"

लग्नाआधी प्रेरणा शहरात बीएस्सीची दोन वर्षं शिकली होती. असे कितीतरी सोमवार गेल्यावर एका दुपारी तिने मक्यात लपून तिच्या जुन्या मॅडमना, मृण्मयीताईंना फोन केला. ताई जिवाणूशास्त्र शिकवायच्या. रडणं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हातांनी काय काम करतेस?"

"खत टाकते, मॅडम. डीएपी."

पुढच्या सोमवारी मृण्मयीताई शहरातल्या औरंगपुऱ्यातून स्कूटीवर शेडला आल्या. द्वारकाबाईंना वाटलं, शहरातली कुणी दुखणाईत बाई असेल. ती बाई सरळ गादीपाशी गेली.

"महाराज, हा आवाज मोटरचा आहे का?"

"ओंकार हाये बाई, ओंकार!"

"मग ही पिन काढली तर बिघडायचं काही नाही." ताईंनी गादीमागच्या बोर्डातली पिन उपटली. ओंकार थांबला, बुडबुडे थांबले. महाराजांचा हात पिनेकडे गेला आणि मागे आला. पिन लाव म्हणावं, तर ओंकार विजेवर चालतो हे कबूल होतं. ताईंनी पिशवीतून बाटली काढून घड्यात ओतली. "नैवेद्य. देवाला थोडं आंबट."

मग त्या द्वारकाबाईंकडे वळल्या. "मावशी, तुमचे हात कधी तपासले?"

"माझे काहून? म्या काय केलं?"

ताईंनी त्यांच्या तळहातावर खताचे चार दाणे ठेवले. "चोळा. आता परातीत धुवा. महाराज, थेंब टाका."

"आज मुहूर्त नाय," महाराज म्हणाले.

पण लोकांना तमाशा हवा होता. "टाका की महाराज! टाका!"

थेंब पडले. आरती निम्म्यावर असतानाच पाणी निळं झालं, सुनेच्या पाण्याहून गडद. द्वारकाबाईंनी हात पदराखाली लपवले. इतके सोमवार खांद्याला खांदा लावून बसलेली शेजारीण हातभर सरकली. "सरका गं, हिलाबी लागलंय!" त्या एका क्षणात द्वारकाबाईंना कळलं की मागच्या ओळीत बसल्यावर कसं वाटतं.

"काही लागलेलं नाही!" ताई ओरडल्या. "डीएपीत फॉस्फेट असतं. फॉस्फेट भेटलं की या थेंबांनी पाणी निळं होतं, कॉलेजात पोरं हा प्रयोग करतात. ज्या बाईने खत टाकलं तिचं पाणी निळं, जी घरी बसली तिचं नितळ. तुम्ही पाप नाही, कष्ट तपासत होता."

"मग घडा पितो त्ये?" कुणीतरी विचारलं.

"पितोच. आतला काळा गाळ म्हणजे जिवाणू. हवा मिळाली की ते पाण्यातलं फॉस्फेट ओढून घेतात आणि अंगात त्याचे मणी करून साठवतात. पावातल्या यीस्टलाही ही सवय आहे. हवा तोडली आणि व्हिनेगरसारखं आंबट दिलं की हे जिवाणू ते मणी मोडतात, त्या जोरावर आंबट आत घेतात आणि फॉस्फेट बाहेर ओकतात. हा माणूस रोज रात्री तेच करतो. ओकलेलं पाणी नाल्यात सोडतो, सकाळी जिवाणू पुन्हा उपाशी. आज त्यांना इथेच ओकू द्या."

भजनाला लागायचा तेवढा वेळ सगळे घड्याकडे बघत बसले. मग ताईंनी घड्यातलं पाणी गाळून पेल्यात घेतलं आणि थेंब टाकले. पाणी शाईसारखं झालं.

तोवर महाराज मागच्या दारापर्यंत पोचले होते. भक्तांनीच त्यांना ओढून आणलं आणि ज्या पायांवर डोकी ठेवली त्यांवरच काठ्या चालवल्या. मार खाता खाता महाराजांचा कडुबा झाला, खरं नाव तेच. वाळूजच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्यांवर कामाला होतो, गाळ तिथलाच, संडासाच्या पाण्यातला, हे त्याने कबूल केलं. तीर्थ पिणारे रस्त्याकडेला जाऊन ओकायला लागले. ताई ओरडून ओरडून थकल्या, तेव्हा कुठे मारहाण थांबली आणि पोलिसांना फोन गेला.

द्वारकाबाईंना यातलं एकच ऐकू आलं. चमचाभर, रोज, लेकराला. त्या उठल्या, मागे गेल्या आणि ऋतुराजला प्रेरणाच्या मांडीवर ठेवलं. "घे माय. पाज त्याला."

लेकराने तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळून आजीकडे हात पसरले.

"आटलं, आत्याबाई," प्रेरणा म्हणाली. "आता कशाचं पाजू?"

खरं सांगायचं तर लेकरू आपल्याकडे झेपावलं तेव्हा द्वारकाबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांना स्वतःची शिसारी आली. ऋतुराजला तिथूनच दवाखान्यात नेलं आणि तो वाचला, पण आईकडे झोपायला त्याला पुढे कितीतरी दिवस लागले.

कडुबा आत गेला म्हणून लोक खूश आहेत. मला त्यात खूश होण्यासारखं काही दिसत नाही. थेंब त्याचे होते, गाळ त्याचा होता, पण आईच्या मांडीवरून लेकरू उचललं ते घरच्यांनी. उद्या कुणी तुमच्या सुनेचे हात तपासायला मागितले तर आधी आपले पुढे करा. निळं का झालं, बुडबुडे कशाने येतात, पिन कुठे आहे, हे सगळ्यांदेखत विचारा. आणि लेकरू आजारी पडलं तर त्याला डॉक्टरकडे न्या, आईसकट.