येडबाची हाळी

पदराच्या गाठीतून भिवराबाईनं नखाएवढं कार्ड काढलं आणि गोपाळच्या काउंटरवर ठेवलं. ठेवलं खरं, पण त्यावरचं बोट काही उचललं नाही.

"हे बोलंना झालंय," ती म्हणाली. "सकाळधरनं नुसतं खरखर करायलंय."

"बोट तर काढा मावशी. मग बघतो."

बोरीच्या स्टँडसमोर गोपाळचं मोबाईलचं दुकान होतं. दारात तोरणासारखे इयरफोन लोंबायचे, आत गळ्यात अडकवायचे स्पीकर, चार्जर, कव्हरं. गाणी भरून देणाऱ्या दुकानांचे दिवस गेले असं शहरातले लोक म्हणत असतील. गोपाळकडं मात्र ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीवाले, पिकअपवाले अजून कार्ड घेऊन यायचे. रानात रेंज नसते, आणि रेंज नाही म्हणून कुणी गाण्यावाचून राहत नाही.

त्यानं कार्ड कम्प्युटरला लावलं, काढलं, शर्टाला पुसून पुन्हा लावलं.

"गेलं मावशी हे. कामातून गेलं."

भिवराबाई दुकानाच्या पायरीवर बसली. भजनं गेली, गोंधळाची गाणी गेली, त्याचं तिला काही नव्हतं. त्या कार्डात तिच्या नवऱ्याचा आवाज होता.

येडबाच्या घशात गाठ निघाली आणि आवाजाची पेटीच काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात सगळे रडून मोकळे झाले. शालू, त्यांची लेक, तेवढी रडली नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं बापाला कळपासमोर उभं केलं आणि आपल्या फोनमध्ये त्याची हाळी भरून घेतली. "हुर्रर्र, आऽऽव बाई, आऽऽव." येडबाच्या बापाची हीच हाळी, आजाचीही हीच. ती घातली की पांगलेली मेंढरं तोंडातला पाला टाकून निघायची. हाळी संपल्यावर येडबाला ठसका लागला होता, तोही फोनमध्ये आला. आणि ठसक्यानंतर शालूनं विचारलं होतं, "झालं का, बा?" येडबानं त्यावर नुसती मान हलवली होती. मान काही फोनमध्ये येत नाही.

पुढं शालूनं हाळी कार्डात घालून दिली, गळ्यातला स्पीकर घेऊन दिला आणि ती सेलूला आपल्या सासरी गेली. येडबा गळ्यातल्या छिद्रावर पंचा गुंडाळून, वर तो स्पीकर अडकवून पुन्हा रानात जाऊ लागला. हाळी घशातून आली की डबीतून, मेंढरांना त्याचं काही नव्हतं. नंतर शालूचा तो फोन विहिरीत पडला आणि हाळी एवढ्या एका कार्डात उरली.

"अशा काय बसल्या मावशी? माझ्याकडं हाय की ते," गोपाळ म्हणाला. "भजनं भरली तवाच सगळं इकडं घेऊन ठिवलं होतं."

त्यानं माऊस हलवला आणि दुकानभर येडबा बोलला. हुर्रर्र, आऽऽव बाई, आऽऽव. मग ठसका. मग शालू. भिवराबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळ्याला पदर लावला आणि गोपाळला तोंड भरून आशीर्वाद दिला.

"लय चाललंय बरं का मामाचं हे," नवं कार्ड भरता भरता गोपाळ कौतुकानं म्हणाला. "एकानं तर रिंगटोन केलीय."

"कोनी?"

"आता नाव कोन इचारतंय? इथं वाजवली की लोक म्हनतात, आमाला बी द्या. परवा एक पिकअपवाला आलता. बकरं-मेंढरं खरेदी करायला गावोगाव फिरतो. त्यानं दोनदा ऐकली. मला म्हनला, मोठ्या स्पीकरच्या डब्यावर कशी वाजंल?"

भिवराबाई पायरीवरून उठली. सासरा म्हणायचा, घोंगडं उसनं द्यावं, हाळी देऊ नये. दुसऱ्याचा कळप शेजारी चरत असला की तो हाळी अर्ध्यावर तोडायचा. मेंढराला धनी तोंडावरून कळत नाही, आवाजावरून कळतो. म्हणून तर घरातल्या बाईनंही ती हाळी घालायची नाही असा रिवाज होता. बाईनं वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, कोकरांना बोलवायचं. तिची बोलवणी निराळी.

"पुसून टाक बाबा ते," ती म्हणाली.

"टाकतो की. माझं काय जायलंय?" गोपाळनं बोट माऊसवर ठेवलं. "पन लोकांनी नेलेलं मला पुसता येत न्हाई. अन् एक सांगतो. उद्या हे बी कार्ड मेलं, तर मग कुठंच न्हाई बगा."

भिवराबाईनं त्याच्या बोटाकडं पाहिलं. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाची गत होती ती. सकाळी स्पीकर खरखरला तेव्हा येडबा तो कानाला लावून किती वेळ बसला होता, ते तिला आठवलं. दवाखान्यातून आल्यावर एवढा वेळ तो कधी खाली मान घालून बसला नव्हता.

"पुसू?"

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."

वेचणी संपलेल्या कापसाच्या रानात त्यांचा वाडा होता. येडबा वाटेवरच उभा होता. तिनं कार्ड घातलं, बटण दाबलं. हाळी झाली, ठसका झाला आणि शालूनं विचारल्यावर येडबानं मान हलवली. दर वेळी तो तशी हलवायचा, लेक समोर असल्यासारखी. भिवराबाईला ते बघायला फार आवडायचं. पिकअपवाल्याचं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचं हसरं तोंड बघून तिनं ते गिळलं. उद्या सांगू म्हणाली, आणि असल्या कामाचा उद्या कधी उजाडत नसतो.

दोन-चार दिवस सुखाचे गेले. मग एका सकाळी ती भाकरी घेऊन रानात गेली. येडबानं स्पीकर काढून तिच्या हातात दिला आणि तो पाटावर हातपाय धुवायला वाकला. तेवढ्यात सडकेच्या अंगानं हाळी आली. पुरती नाही, नुसती सुरुवात. हुर्रर्र, आऽऽव, आणि तुटली.

सगळ्या कळपानं माना वर केल्या. खंड्या कुत्रं कान टवकारून उभं राहिलं. उसाचा फड आडवा असल्यानं सडक दिसत नव्हती. एक गाडी तेवढी सावकाश निघून गेल्याचं ऐकू आलं.

येडबानं पाटावरून वळून तिच्याकडं पाहिलं. भुवया उंचावल्या. काय ते, असं विचारत होता.

भिवराबाईनं हातातला स्पीकर वर करून दाखवला.

"माजंच बोट लागलं," ती म्हणाली.

येडबा हसला आणि पुन्हा पाण्याकडं वळला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं. तिनं भाकरी सोडली. कुणाची तरी रिंगटोन असेल, तिनं स्वतःला समजावलं. गोपाळ म्हणालाच होता की. मेंढरं पुन्हा चरायला लागली. बांडी तेवढी, कळपाच्या पुढं चालणारी ठिपक्याठिपक्यांची मेंढी, बराच वेळ उसाकडं तोंड करून उभी राहिली.

त्या दिवसापासून भिवराबाई वाड्यावर बसेना. कोकरं पाला खुडण्याएवढी झालीत असं निमित्त काढून ती त्यांना घेऊन कळपामागं रानात जाऊ लागली. येडबाला त्याचा आनंदच झाला. बाभळीखाली दोघं एकत्र भाकरी खायची आणि खाऊन झालं की तो तिथंच कलंडायचा. स्पीकर तिच्या मांडीवर असायचा, बंद केलेला. सडकेवर गाडी वाजली की ती हातातलं काम थांबवायची आणि गाडी पुढं गेल्याशिवाय पुन्हा हलायची नाही.

बाजाराचा दिवस होता. आजूबाजूच्या शेतात माणूस नव्हतं. ऊन बरं वाटावं अशी थंडी होती. येडबा पंचा तोंडावर घेऊन निजला होता, कोकरं तिच्या पाठीशी पाला खुडत होती आणि कळप कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांमध्ये पांगला होता. भिवराबाईचाही डोळा लागला असावा.

"हुर्रर्र, आऽऽव बाई, आऽऽव."

ती हसतच जागी झाली. आवाज मोकळा होता, भरदार होता. देवानं ऐकलं, एवढंच तिच्या मनात आलं. येडबाचा गळा सुटला. ती गर्रकन त्याच्याकडं वळली. येडबा उठून बसला होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मग उसापलीकडून ठसका आला. आणि ठसक्यामागून शालूचा आवाज, बाईमाणसाच्या गळ्यातून निघूच नये इतका मोठा.

"झालं का, बा?"

शालू सेलूला होती. भिवराबाईची पाचावर धारण बसली.

कळप केव्हाच निघाला होता. बांडी पुढं, तिच्यामागं सगळी, घाई नाही की गोंधळ नाही. रोज संध्याकाळी वाड्याकडं जातात तशी ती उसाच्या कडेच्या गाडीवाटेकडं चालली होती. खंड्या भुंकला नाही. धन्याचा आवाज ओळखून तो शेपूट हलवत सगळ्यांच्या आधी पळाला. पलीकडं साखळी खळखळली आणि गाडीचा मागचा फाळका आदळून खाली पडला.

भिवराबाईनं स्पीकरचं बटण दाबलं, आवाज होता तेवढा वाढवला. तिच्या हातातूनही तीच हाळी निघाली. मेंढरं थबकली. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन येडबा त्यांना बोलवत होते आणि त्यातला तिकडचा मोठा होता. बांडीनं मान झटकली आणि ती पुढं निघाली.

येडबा धावत सुटला. धावता धावता त्यानं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. पंच्याखालच्या छिद्रातून नुसता वारा निघाला. एकाही मेंढीनं मागं वळून पाहिलं नाही.

भिवराबाईला काय करावं सुचेना. त्या घरात आल्यापासून तिनं कळपाला कधी साद घातली नव्हती आणि आता घातली तरी कळप ओळखणार नव्हता. तिच्याजवळ कोकरांची बोलवणी तेवढी होती. तिनं तीच घातली, जीव खाऊन घातली. "यू यू यू, ये लेकरा, यू यू." पाठीशी पाला खुडणारी कोकरं उड्या मारत तिच्या पायाशी आली. तिनं एकाला उचललं आणि त्याचा कान पिळला. कोकरू कळवळून ओरडलं, तशी बाकीचीही ओरडायला लागली.

वाटेच्या तोंडाशी पोहोचलेली एक मेंढी थांबली. मग दुसरी. लेकुरवाळ्या मेंढ्या वळल्या आणि पऱ्हाट्या मोडत, ओरडत परत धावल्या. बाकीच्या बांडीमागं उसाआड गेल्या. फळीवर खुरं वाजल्याचं भिवराबाईला इथपर्यंत ऐकू आलं. येडबा वाटेवर पोहोचला तोवर फाळका बंद झाला होता.

गाडी निघाली. येडबा तिच्यामागं काही अंतर धावला, मग वाकला, गुडघ्यावर हात ठेवून छिद्रातून श्वास ओढत राहिला. परत आला तेव्हा खंड्या त्याच्या मागं होता आणि हातात बांडीच्या गळ्यातली घंटा होती. कुणीतरी ती कापून वाटेत टाकली होती. घंटा त्यानं भिवराबाईसमोर धरली आणि दुसऱ्या हातानं आपल्या गळ्याकडं बोट केलं. मग सडकेकडं. भुवया तशाच वर, त्या दिवशी पाटावर होत्या तशा.

आता खोटं बोलायला जागा नव्हती.

"गोपाळपाशी मीच ठिवला," ती म्हणाली. "पुसतो म्हनत होता त्यो. मीच नगं म्हनले. तुमचा आवाज जाऊ ने म्हून."

येडबानं घंटा खाली ठेवली. रागावला असता तर तिला सोसलं असतं. त्यानं तिच्या हातातून स्पीकर घेतला, बांधावरच्या दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. कार्ड बाहेर पडलं, तेही ठेचलं. कोकरं आयांना बिलगून दूध पीत होती.

गाडी जिंतूरच्या बाजूला वळली असावी. आतल्या मेंढरांनी ओरडू नये म्हणून असेल, गाडीवाल्यानं आवाज चालूच ठेवला होता. लांबून, वाऱ्यावर, हाळी पुन्हा आली. परत आलेल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. भिवराबाईनं त्यांच्यापुढं दोन्ही हात पसरले. तो आवाज बंद पडावा असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

हाळी संपली. ठसका झाला. मग शालूचा आवाज आला, बारीक, विचारणारा.

येडबानं मान हलवली.